सीझिनकोट : कॉट्सवोल्डच्या टेकडीवरचा घुमट आणि पुलाखालची घारापुरी

गवाक्ष (धागाकर्ता)

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधील मोरटन-इन-मार्श या लहानशा गावापासून दोन-अडीच मैल चालत गेले की मेंढ्यांच्या कुरणांपलीकडे, ओकच्या दाट झाडीतून एक हिरवट पडलेला तांब्याचा घुमट डोके वर काढतो. आजूबाजूला सगळीकडे कॉट्सवोल्ड भागातील मधाच्या रंगाच्या दगडाची उतरत्या छपरांची घरे असल्यामुळे हा घुमट प्रथम दिसतो तेव्हा क्षणभर आपण चुकीच्या देशात उतरलो आहोत की काय, असे वाटते. हे सीझिनकोट. ओकच्या झाडांमधील वस्ती, असा या नावाचा मूळ अर्थ सांगितला जातो. इंग्लंडमधील कंट्री हाउस, म्हणजे श्रीमंतांची खेड्यातील मोठी घरे, या प्रकारावर मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, आणि जे लिहिले जाते ते बहुधा ब्लेनिम किंवा चॅट्सवर्थ यांसारख्या अवाढव्य महालांभोवती फिरते. सीझिनकोट त्या मानाने लहान आहे. परंतु आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळेच आहे, आणि ते का, हे सांगण्यासाठी हा धागा काढला आहे.

ही जमीन 1795 मध्ये कर्नल जॉन कॉकरेल यांनी बंगालमधून परतल्यावर विकत घेतली. तीनच वर्षांनी, 1798 मध्ये, ते निवर्तले आणि मालमत्ता भावंडांकडे आली. धाकटे बंधू चार्ल्स यांनी पुढे इतरांचे हिस्से विकत घेऊन ती एकट्याच्या ताब्यात आणली. चार्ल्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कलकत्त्यास होते, तेथील टपाल खात्याचे प्रमुख होते आणि पॅक्स्टन यांच्या पेढीत भागीदार होते. या पेढीचे मुख्य काम म्हणजे कंपनीच्या नोकरांनी हिंदुस्थानात मिळवलेला पैसा सांभाळणे आणि तो इंग्लंडला पोहोचवणे. म्हणजे इतरांची संपत्ती समुद्रापार नेण्याच्या व्यवहारातून हे गृहस्थ स्वतः संपन्न झाले. परतल्यावर ते पार्लमेंटचे सदस्य झाले, 1809 मध्ये त्यांना बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला, आणि त्याच सुमारास हे घर उभे राहत होते.

घराचा आराखडा तिसरे बंधू सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी केला. सतराव्या शतकात रोजनिशी लिहिणारे सॅम्युअल पेपिस हे त्यांच्या कुळातलेच, आणि नाव तेथूनच आले आहे. हे व्यवसायाने वास्तुविशारद होते. पुढे कंपनीच्या लंडनमधील इमारतींचे कामही त्यांच्याकडे आले. परंतु त्यांनी हिंदुस्थान कधीच पाहिला नव्हता. ज्यांनी पाहिला होता ते चित्रकार थॉमस डॅनियल या कामात सल्लागार म्हणून आले. थॉमस आणि त्यांचा पुतण्या विल्यम हे 1786 मध्ये कलकत्त्यास उतरले आणि पुढील सात वर्षे देशभर फिरून त्यांनी देवळे, मशिदी, घाट, किल्ले आणि लेणी चितारली. त्यांची 144 चित्रे ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने 1795 ते 1808 या काळात टप्प्याटप्प्याने छापली गेली. त्या काळच्या इंग्रज सुशिक्षितांच्या मनातील हिंदुस्थान बऱ्याच अंशी याच चित्रांनी घडवलेला आहे. सीझिनकोटचे काम 1805 च्या सुमारास सुरू झाले, तेव्हा चित्रांचे शेवटचे भाग अजून छापून व्हायचे होते. घर आणि ग्रंथ एकाच वेळी तयार होत होते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

बाहेरून पाहिले तर मधोमध कांद्याच्या आकाराचा घुमट, चार कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या, भिंतीबाहेर चांगला पुढे आलेला आणि घोड्यांवर (भिंतीतून पुढे आलेल्या आधारांवर) तोललेला दगडी छज्जा, दर्शनी बाजूस मोगल दरवाज्यासारखी उंच कमान, आणि खिडक्यांवर मोराच्या पिसाऱ्यासारखी पसरणारी कमानींची नक्षी. दगडाला मुद्दाम अधिक तांबूस छटा दिली होती, असे सांगतात. एका बाजूने काचेचे वनस्पतिगृह अर्धवर्तुळाकार वळत जाते आणि त्याच्या टोकाशी एक अष्टकोनी दालन येते. दिल्ली, आग्रा, बिहार आणि बंगाल यांच्या इमारतींतील घटक येथे एकाच भिंतीवर नांदतात. प्रत्यक्षात त्यांची कधी गाठ पडली नसती. ती पडली चित्रसंग्रहाच्या पानांत.

आणि मग आपण उंबरठा ओलांडतो. आत हिंदुस्थानचा मागमूस नाही. एक दगडी जिना वर जाऊन दोन बाजूंना फुटतो, मुख्य दालने पहिल्या मजल्यावर आहेत, छतांवर ग्रीक-रोमन वळणाची गिलाव्याची नक्षी आहे, आणि सारी मापे त्या काळच्या कोणत्याही सुसंस्कृत इंग्रजी घराला शोभतील अशीच आहेत. पाहुण्याला दुरून नवलाईचा धक्का द्यायचा, परंतु जेवायला मात्र ओळखीच्या खोलीत बसवायचे, असा हा बेत आहे. ‘भारतीय शैलीचे घर’ असे या वास्तूचे वर्णन सर्रास केले जाते, ते मला म्हणूनच पटत नाही. इंग्रजी नकाशावर बेतलेल्या घराला हिंदुस्थानच्या चित्रांचे आवरण घातले आहे, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

तरीही तेथे एक जागा अशी आहे की जी मला केवळ आवरण वाटली नाही. घराकडे जाणारा रस्ता एका ओढ्यावरील पुलावरून जातो. पुलाच्या कठड्यांवर बसलेले नंदी आहेत. येणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात एवढेच राहते. पण बागेतील पाऊलवाटेने खाली उतरले की हा पूल खांबांवर उभा असलेला दिसतो आणि ते खांब घारापुरीच्या लेण्यातील खांबांवरून बेतलेले आहेत. पाण्यात पायदगड टाकले आहेत, त्यांवरून पुलाच्या खालून जाता येते आणि उन्हाळ्यात गारव्याला बसण्यासाठी तेथे बाकही आहे. वरून रस्ता जातो, खाली पाणी वाहते, आणि मधल्या अंधुक उजेडात ते जाड खांब उभे असतात. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून बोटीने जाऊन ज्यांनी मूळ लेणे पाहिले आहे, त्यांना येथे काय वाटेल, याची कल्पना करा.

डॅनियल काका-पुतणे 1793 मध्ये मुंबईला आले होते आणि घारापुरी व साष्टीतील लेण्यांत त्यांनी काम केले होते. त्यामुळे हा संबंध ओढूनताणून आणलेला नाही. थॉमस डॅनियल यांनी सर चार्ल्स यांना पूल व नंदी यांविषयी लिहिलेली पत्रेही उपलब्ध आहेत. नंदी कोठे आणि कसे बसवायचे, याची त्यांना मालकापेक्षाही अधिक काळजी होती, असे त्यांवरून दिसते.

शेवटी एक प्रसिद्ध गोष्ट. 1807 मध्ये प्रिन्स रीजंट येथे आले, हे घर पाहून भारले गेले, आणि त्यातून ब्रायटन येथील रॉयल पॅव्हिलियन हा राजपुत्राचा घुमटांचा महाल जन्मास आला, असे सर्वत्र सांगितले जाते. वास्तुकलेचे जाणकार येथे आहेत. त्यांनी खांब आणि छज्जा यांविषयी आपले मत जरूर मांडावे.

उत्तरवाट

लेख आवडला, परंतु शेवटच्या परिच्छेदाबाबत दुरुस्ती सुचवतो. 1807 मध्ये ते ‘प्रिन्स रीजंट’ नव्हते. रीजंटपद, म्हणजे आजारी राजाच्या वतीने कारभार पाहण्याचा अधिकार, 1811 मध्ये आले. तोवर ते प्रिन्स ऑफ वेल्स होते. हा किरकोळ मुद्दा म्हणून सोडून देता येईल, परंतु तारखांची दुसरी अडचण मोठी आहे. ब्रायटनला भारतीय धाटणीचा मोठा घुमट असलेल्या घोडशाळेचे काम विल्यम पॉर्डन यांच्या आराखड्यानुसार 1803 मध्येच सुरू झाले होते. उद्यानरचनाकार हम्फ्री रेप्टन यांनी राजपुत्रासाठी पॅव्हिलियनचा भारतीय आराखडा 1806 मध्ये सादर केला होता आणि तो 1808 मध्ये छापला गेला. तेव्हा 1807 ची भेट पाहून ब्रायटन सुचले, असे म्हणणे म्हणजे घोड्यापुढे गाडी जोडणे होय.

खरा धागा रेप्टन यांच्यातून जातो. सीझिनकोटच्या मालकांनी त्यांचा सल्ला घेतला होता, डॅनियल यांची रेखाटने त्यांनी तेथे पाहिली, आणि या नव्या आकारांनी आपण कसे प्रभावित झालो, हे त्यांनी ब्रायटनविषयीच्या स्वतःच्या पुस्तकातच नोंदवले आहे. पुढे राजपुत्राने रेप्टन यांना बाजूला सारले आणि 1815 पासून जॉन नॅश यांनी आज दिसणारे पॅव्हिलियन उभारले. नॅश यांच्या इमारतीत लोखंडी सांगाड्यावर चढवलेले घुमट आहेत आणि आत चिनी थाटाची सजावट आहे. सीझिनकोटचा संयम त्यात औषधालाही सापडत नाही. मला स्वतःला ब्रायटन हे जत्रेतल्या मिठाईच्या दुकानासारखे वाटते. पण तो माझ्या रुचीचा दोष असेल.

पाथरवट

गवाक्ष यांनी बोलावले आहे म्हणून लिहितो. माझा व्यवसाय जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचा आहे, त्यामुळे मी प्रथम प्रत्येक घटक काय काम करतो हे पाहतो.

छज्जाचे मूळ काम दुहेरी असते. डोक्यावर आलेल्या उन्हाची सावली भिंतीवर पाडणे आणि पावसाळ्यात भिंत व खिडकीची चौकट कोरडी ठेवणे. फत्तेपूर सिक्रीच्या छज्जाखालची भिंत दुपारी अर्धीअधिक काळोखात असते, आणि तेथील साऱ्या दर्शनी भागाचे सौंदर्य त्या काळ्या पट्ट्यावर उभे आहे. इंग्लंडमध्ये सूर्य कलता असतो. हिवाळ्यात तर तो क्षितिजापासून फार वर येतच नाही, त्यामुळे छज्जा भिंतीवर तशी सावली टाकू शकत नाही. मी सीझिनकोटची जी छायाचित्रे पाहिली आहेत त्यांत छज्जा सुंदर दिसतो, पण तो रेषेसारखा दिसतो. त्याखालची भिंत उजळच राहते. गंमत म्हणजे डॅनियल यांच्या चित्रांत छज्जाखालची गर्द सावली आवर्जून रंगवलेली असते. आकार जहाजातून आणता आला, सूर्य आणता आला नाही. पावसाचे काम मात्र तो तेथेही निमूटपणे करीत असणार, आणि त्या हवेत ते काही थोडे काम नव्हे.

आता खांबांविषयी. घारापुरीचा खांब खालच्या अर्ध्या भागात साधा चौकोनी असतो, वर तो गोल होतो, त्यावर उभ्या पन्हळी येतात, आणि शेवटी दाबलेल्या उशीसारखा, कंगोरे असलेला शीर्षभाग येतो. देवळाच्या शिखरावरील आमलकाशी, म्हणजे कंगोरेदार चपट्या चकतीशी, त्याचे नाते आहे. पाहणाऱ्याला वाटते की वरच्या डोंगराच्या भाराने ती उशी दबली आहे. प्रत्यक्षात तो खांब कोणी उभा केलेला नाही. डोंगर पोखरताना जो दगड काढला नाही, तो खांब झाला. तो छताचाच भाग आहे आणि जमिनीचाही. काही ठिकाणी घारापुरीचे खांब खालून तुटले होते आणि वरचा भाग छताला लोंबकळत राहिला होता, हे जुन्या चित्रांत दिसते. रचलेल्या इमारतीत असे घडले असते तर छत खाली आले असते.

सीझिनकोटच्या पुलाखाली हाच आकार प्रथमच खऱ्या अर्थाने खांबाचे काम करतो आहे. दगड खाणीतून काढला, घडवला, उभा केला आणि त्यावर रस्त्याचा भार ठेवला. घारापुरीला जो भार केवळ सुचवलेला आहे, तो येथे खरोखर आहे. वरून घोडागाड्या जात होत्या. ज्या कोणी हा आकार पुलासाठी निवडला त्याला एक गोष्ट नेमकी कळली होती : हा खांब बैठा आणि जाड असल्यामुळे तो कमी उंचीच्या, अंधाऱ्या, ओलसर जागेतच शोभतो. तोच जर घराच्या दर्शनी ओसरीला लावला असता तर हास्यास्पद झाला असता. गवाक्ष यांना हीच जागा खरी का वाटली, त्याचे कारण मला यात दिसते.

मोडीवाचक

पाथरवट यांच्या प्रतिसादानंतर लिहिण्यास संकोच वाटतो, परंतु या कथेत पुण्याचा एक पदर आहे आणि तो येथे यायला हवा.

1793 मध्ये डॅनियल मुंबईला आले तेव्हा त्यांना लेणी दाखवणारे गृहस्थ होते जेम्स वेल्स. हे स्कॉटिश चित्रकार 1791 मध्ये मुंबईला आले आणि पुढे पुण्यास पेशव्यांच्या दरबारात गेले. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आपण पाठ्यपुस्तकांतून पाहत आलो ती चित्रे त्यांच्याच हातची. पुण्याच्या दरबारातील इंग्रज वकील (राजदूत) चार्ल्स मॅलेट यांचा त्यांना आश्रय होता. मॅलेट यांना लेण्यांचे वेड होते, आणि त्यांच्याकडे एक मराठी चित्रकार कामाला होता : गंगाराम चिंतामण तांबट. पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे गंगाराम यांनी 1790 मध्ये काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. वेरूळच्या लेण्यांची त्यांनी काढलेली रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला संग्रहात आहेत.

वेल्स 1795 मध्ये वारले. त्यांच्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियल यांनी 24 चित्रांचा संग्रह 1803 मध्ये प्रसिद्ध केला. मुखपृष्ठावर वेल्स यांचे नाव आहे, डॅनियल यांचे आहे. वेल्स यांचे मदतनीस म्हणून काम केलेल्या गंगाराम यांचे नाही. येथे मला अतिशयोक्ती करायची नाही. सीझिनकोटच्या पुलाचे खांब डॅनियल यांनी स्वतः पाहिलेल्या घारापुरीवरून आले आहेत, गंगाराम यांच्या कागदावरून नव्हे. परंतु पश्चिम हिंदुस्थानची लेणी इंग्रज रसिकांपर्यंत ज्या मंडळाने पोहोचवली, त्या मंडळात एक पुणेकर तांबट होता, एवढे तरी आपण म्हणायला हरकत नाही.

आणखी एक. टेट संग्रहालयात थॉमस डॅनियल यांचे एक भव्य तैलचित्र आहे. टिपूविरुद्धच्या 1790 च्या तहाच्या वेळी मॅलेट हे सवाई माधवरावांच्या दरबारात उपस्थित आहेत, असा त्याचा विषय आहे. वेल्स यांनी केलेल्या तयारीवरून डॅनियल यांनी ते 1805 मध्ये पुरे केले. त्यात शनिवारवाड्यातील गणेश महालाच्या महिरपी कमानी आणि गर्दीने बसलेले मुत्सद्दी दिसतात. वर्ष पाहा. ज्या वर्षी डॅनियल यांच्या चित्रफलकावर शनिवारवाडा होता, त्याच सुमारास त्यांच्या सल्ल्याने सीझिनकोटचा पाया घातला जात होता. शनिवारवाड्याचे महाल 1828 च्या आगीत गेले. मॅलेट स्वतः परतल्यावर विल्टशायरमध्ये विलबरी हाउस घेऊन राहिले. ते अठराव्या शतकाच्या आरंभीचे, इटालियन वळणाचे शांत घर आहे. ज्या माणसाने पेशवाई आतून पाहिली त्याला घरावर घुमट चढवण्याची गरज वाटली नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

सरळरेषा

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मूळ लेखात पैशाविषयी एक परिच्छेद आला आणि पुढे सगळे छज्जे आणि खांब यांत रमले. हे घर बंगालच्या पैशाने उभे राहिले. 1770 चा भीषण दुष्काळ या मंडळींच्या आधीच्या पिढीने पाहिला होता, आणि त्याच प्रांतातून या भावांची संपत्ती आली. अशा घरावर नंदी बसवणे म्हणजे ज्याचे घेतले त्याचीच खूण दारावर मिरवणे. त्याचे कौतुक करताना थोडा संकोच वाटायला नको का?

गवाक्ष (धागाकर्ता)

सरळरेषा, आपला आक्षेप रास्त आहे. उत्तरवाट यांची दुरुस्तीही मान्य. तारखांचा मेळ न घालता ऐकीव गोष्ट लिहिली, ही माझी चूक.

पैशाचा मुद्दा मी टाळला नव्हता, पण अपुरा मांडला. या वास्तुविशारदाच्या आश्रयदात्यांची यादीच बोलकी आहे. सीझिनकोटपासून काही मैलांवर डेल्सफर्ड हे घर आहे. ते सॅम्युअल पेपिस कॉकरेल यांनी वॉरन हेस्टिंग्ज यांच्यासाठी 1788 पासून नव्याने बांधले. ज्या काळात त्या घरावर गवंडी काम करीत होते, त्याच काळात मालकावर पार्लमेंटमध्ये महाभियोग चालू होता. तो 1788 ते 1795 इतका चालला. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळचे गव्हर्नर जनरल ते हेच. डेल्सफर्डला घुमट आहे, पण तो इतका दबकून बसला आहे की त्याचा हिंदुस्थानशी संबंध सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. याच वास्तुविशारदाने वेल्समध्ये विल्यम पॅक्स्टन यांच्यासाठी मिडलटन हॉल बांधला. तेथे तर हिंदुस्थानची खूण मुळीच नव्हती. ते घर आता नाही. त्या जागेवर वेल्सचे राष्ट्रीय वनस्पती उद्यान आहे.

म्हणजे तीन घरे, तिन्हींचा पैसा एकाच वाटेने आलेला, वास्तुविशारद एकच. हेस्टिंग्ज यांनी पैशाचा उगम अर्धवट दाखवला, पॅक्स्टन यांनी पूर्णपणे झाकला, आणि चार्ल्स कॉकरेल यांनी तो छपरावर चढवून ठेवला. हिंदुस्थानातून परतलेल्या श्रीमंतांना त्या काळी इंग्लंडमध्ये ‘नबाब’ म्हणून हिणवत आणि नाटकांतून त्यांची टवाळी होई, हे ध्यानात घेतले तर चार्ल्स यांचा निर्णय एक तर फार निगरगट्ट होता किंवा फार प्रामाणिक. मला दोन्ही वाटते. संकोचाविषयी म्हणाल, तर तो मला त्या वनस्पतिगृहात चहा घेताना वाटला. पुलाखाली वाटला नाही. याचे समर्थन मी करू शकत नाही.

देवराई

एक शंका. नंदी आहेत तर शंकर कोठे आहे? नंदी हा पुलावर पहारा देणारा प्राणी नव्हे. तो पिंडीकडे तोंड करून बसतो आणि त्याच्या शिंगांमधून आपण दर्शन घेतो. बागेत देऊळ आहे, असे वाचले होते.

गवाक्ष (धागाकर्ता)

देवराई, शंका अगदी नेमकी आहे. शंकर नाही. बागेच्या वरच्या टोकाशी झऱ्याचे पाणी एका कुंडात येते आणि तेथे एक लहानसे देऊळ आहे, पण ते सूर्याचे. तेथून पाणी लहान लहान तळ्यांतून उतरत पुलाखाली येते आणि पुढे एका तळ्यात शिरते, जेथे वठलेल्या झाडाच्या खोडाला तीन फण्यांचा धातूचा नाग वेटाळलेला आहे. सूर्य, नंदी, नाग आणि घारापुरी असा हा क्रम आहे. त्याला धार्मिक अर्थ शोधू नये. वाहत्या पाण्याच्या काठाने चालणाऱ्या पाहुण्याला एकामागून एक चित्रे दिसावीत, ही खास इंग्रजी उद्यानकलेची पद्धत आहे. अठराव्या शतकात त्याच पद्धतीने ओढ्याकाठी ग्रीक देवळे आणि पडक्या गॉथिक कमानी उभारत असत. येथे फक्त देव बदलले.

पाथरवट

सूर्याचे देऊळ इंग्लंडमध्ये बांधणे हा विनोद आहे की नवस, हे ठरवता येत नाही.

मोडीवाचक

नवसच असावा.

एका गोष्टीची भर घालतो. वास्तुविशारदाचे चिरंजीव चार्ल्स रॉबर्ट कॉकरेल हे पुढे ग्रीक वास्तुकलेचे मोठे अभ्यासक झाले. 1811 मध्ये एजायना बेटावरील देवळाची शिल्पे उकरून काढणाऱ्या तुकडीत ते होते. वडिलांनी न पाहिलेल्या देशाच्या इमारती चित्रांवरून उभारल्या. मुलाने स्वतः जाऊन, मोजमापे घेऊन ग्रीस अभ्यासला. एका पिढीत कागदावरून दगडाकडे झालेला हा प्रवास आहे. त्या मानाने घारापुरीचे खांब काळजीपूर्वक मोजून, त्यांचे नकाशे करून, त्यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला आणखी बरीच वर्षे जावी लागली.

उत्तरवाट

घराच्या पुढील इतिहासाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात नोंदवतो. सर चार्ल्स 1837 मध्ये वारले. कॉकरेल घराण्याकडून 1884 मध्ये ही मालमत्ता डगडेल कुटुंबाकडे गेली आणि 1944 मध्ये सर सिरिल क्लाइनवर्ट व त्यांच्या पत्नीने ती घेतली. युद्धकाळात आणि त्यानंतर इंग्लंडमधील अशी शेकडो घरे कर, नोकरांची टंचाई आणि गळकी छपरे यांपायी पाडली गेली. हे वाचले ते नव्या मालकांनी दुरुस्तीवर मनापासून खर्च केल्यामुळे. आज ही पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे, तरीही खासगी मालकीची आहे. त्यामुळे घर वर्षातील मोजक्याच दिवशी, तेही वाटाड्यासोबत, पाहता येते. जाण्यापूर्वी वेळा तपासून घ्याव्यात.

दक्षिणेकडील चारबाग मात्र कॉकरेल यांच्या काळातील नाही, हे येणाऱ्यांना सांगावे लागते. मधोमध पाण्याचे पाट, दोन्ही बाजूंना उभी सडपातळ झाडे असलेली ही बाग लेडी क्लाइनवर्ट यांनी 1960 च्या दशकात, हिंदुस्थान पाहून आल्यावर, उद्यानतज्ज्ञ ग्रॅहम स्टुअर्ट थॉमस यांच्या सल्ल्याने केली. सरूची झाडे तेथील थंडीत भरवशाची नसतात, म्हणून त्यांच्या जागी आयरिश यू ही तशीच सरळ वाढणारी सदाहरित झाडे लावली आहेत. ज्या घराच्या मूळ बागेत मोगल पद्धतीची एकही सरळ रेषा नव्हती, त्याला दीडशे वर्षांनी मोगल बाग मिळाली, आणि ती आता इतकी मुरली आहे की बहुतेकांना तीच सर्वांत जुनी वाटते.

सरळरेषा

गवाक्ष यांच्या उत्तराने माझे पूर्ण समाधान झालेले नाही, पण तीन घरांची तुलना मला नवीन होती. पुढील महिन्यात त्या भागात जाण्याचा योग आहे. पुलाखाली जाणारी वाट पावसात खुली असते का?

गवाक्ष (धागाकर्ता)

मी गेलो तेव्हा आदल्या रात्री पाऊस झाला होता, तरी वाट खुली होती. पायदगड मात्र शेवाळलेले आणि निसरडे होते, म्हणून पकड असलेले बूट घालून जा आणि खांबांकडे पाहत चालू नका. आधी बाकावर जाऊन बसा. दुपारी उशिरा गेलात तर पाण्यावरून परतलेला उजेड छताच्या खालच्या बाजूला हलताना दिसतो. त्या वेळी खांबाच्या शीर्षभागाचे कंगोरे नीट उठून दिसतात. जमल्यास तेथील एक छायाचित्र या धाग्यावर टाका. पाथरवट यांना शीर्षभाग आणि वरची दगडी तुळई यांच्यामधला सांधा पाहायचा असेल, असा माझा अंदाज आहे.

पाथरवट

अंदाज बरोबर आहे. शक्य असेल तर खांबाच्या पायथ्याजवळची, पाण्याच्या रेषेलगतची झीजही टिपून आणा.